पशुखाद्याची लॅब टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाद्याचा रिपोर्ट हातात येतो, त्यात आठ-दहा आकडे असतात, आणि बहुतेक जण फक्त प्रोटीनचा आकडा बघून कागद घडी करून ठेवतात. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतलेत, काहींची उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

खाद्य डोळ्यांनी बघून, वास घेऊन कळत नाही का? लॅब कशाला?

बरंच कळतं की. बुरशी, कुबट वास, खडे, ओलसरपणा, रंग बदललेला, हे सगळं अनुभवी माणूस लॅबच्या आधी सांगतो आणि ते बघायलाच पाहिजे. पण पेंडीत प्रोटीन ३८ टक्के आहे का ३० हे कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही, आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीने सोडलेलं विष) तर बुरशी दिसत नसतानाही असू शकतं. दोन गठ्ठे चारा दिसायला सारखे, एकाची कापणी फुलोऱ्यात झालेली आणि दुसऱ्याची दाणा भरून ताट पिवळं पडल्यावर, जनावराच्या पोटात गेल्यावर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

सॅम्पल कसं घ्यायचं? वरचं मूठभर चालेल का?

नाही चालणार, आणि या एका प्रश्नाला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्व देतो. लॅबमध्ये शेवटी मशीनमध्ये जातं ते एक-दोन ग्रॅम किंवा त्याहून कमी. त्या ग्रॅमभर पावडरीने अख्ख्या लॉटची साक्ष द्यायची असते, तर मग ती पावडर अख्ख्या लॉटमधूनच आलेली पाहिजे ना. पोत्यांचं खाद्य असेल तर दहा-बारा वेगवेगळ्या पोत्यांतून, प्रत्येकात वरून खाली जाणारी सॅम्पलिंगची नळी घालून थोडं थोडं घ्या, कारण वाहतुकीत बारीक चुरा आणि मिनरल खाली बसतात आणि हलका कोंडा वर राहतो. सगळं एका स्वच्छ कागदावर ओता, नीट कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा, परत कालवा, परत चार भाग, असं करत अर्धा-एक किलोवर आणा.

मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) असेल तर उघड्या तोंडावरचा सुकलेला थर घेऊ नका, कापलेल्या ताज्या भागावरून सात-आठ ठिकाणचा घ्या, पिशवीतली हवा दाबून काढा आणि लगेच थंड करा किंवा फ्रीज करा, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत तो गरम होऊन वेगळाच पदार्थ झालेला असतो. आणि लेबल लावा. खाद्याचं नाव, लॉट, तारीख, कापणीची अवस्था. नुसतं 'चारा' लिहून आलेल्या पिशवीचा रिपोर्ट नंतर कुणाच्याच कामाचा राहत नाही.

रिपोर्टवर दोन-दोन आकडे का असतात? 'आहे तसं' आणि 'ड्राय मॅटर'?

कारण पाणी. हिरव्या चाऱ्यात ८० टक्के पाणी आणि २० टक्के कोरडा पदार्थ आहे समजा, आणि प्रोटीन 'आहे तसं' २ टक्के आलं. आता २ भागिले २० गुणिले १००, म्हणजे ड्राय मॅटरवर १० टक्के झालं. शेजारी दुसरा चारा आहे, वाळलेला, ९० टक्के कोरडा पदार्थ, प्रोटीन 'आहे तसं' ४ टक्के, म्हणजे ड्राय मॅटरवर साडेचारच्या आत. वरवर बघितलं तर वाळलेला दुप्पट भारी वाटतो, खरं तर हिरवा दुपटीने भारी आहे. म्हणून तुलना करायची तर नेहमी ड्राय मॅटरवरच करायची, आणि रोज घमेल्यात किती टाकायचं हे ठरवायला 'आहे तसं' वर परत यायचं.

ओलावा मोजायला काय लागतं, ओव्हनमध्ये वाळवलं की झालं ना?

धान्य, पेंड, कोरडं खाद्य यांच्यासाठी हो, १०५ डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं. मुरघासात मात्र घोटाळा होतो. त्यातलं ॲसेटिक ॲसिड, अल्कोहोल, अमोनिया हे पाण्याबरोबर उडून जातात आणि ओव्हन ते सगळं पाणीच समजतो, त्यामुळे कोरडा पदार्थ खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून चांगल्या लॅबा मुरघासाला करेक्शन लावतात किंवा टोल्युइन डिस्टिलेशनसारखी वेगळी पद्धत वापरतात. आणखी एक, फायबर तपासायचं सॅम्पल ६० डिग्रीच्या आसपासच वाळवायचं, जास्त तापवलं तर साखर आणि प्रोटीन एकमेकांना चिकटतात आणि तो चिकटा लिग्निन (चाऱ्यातला न पचणारा लाकडी भाग) म्हणून मोजला जातो.

प्रॉक्सिमेट ॲनालिसिस म्हणजे काय?

ही सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळीकडे चालणारी पद्धत. जर्मनीत गॉटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या संशोधन केंद्रात हेन्नेबर्ग आणि स्टोमान यांनी १८६० च्या दशकात बसवली, म्हणून तिला वेंडे पद्धत पण म्हणतात. खाद्याचे सहा भाग करतात: ओलावा, राख, क्रूड प्रोटीन, फॅट म्हणजे इथर एक्स्ट्रॅक्ट, क्रूड फायबर, आणि शेवटचा नायट्रोजन फ्री एक्स्ट्रॅक्ट. हा शेवटचा भाग कुणी मोजत नाही, १०० मधून बाकीचे पाच वजा करून काढतात, त्यामुळे बाकी पाच जणांच्या सगळ्या चुका याच्या खात्यात जमा होतात. स्टार्च-साखर त्यात असते हे बरोबर, पण अजून काय काय असतं ते फायबरच्या प्रश्नात येईल.

क्रूड प्रोटीन खरंच प्रोटीन असतं का?

नसतं. तो नायट्रोजन असतो. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये ही पद्धत काढली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. सॅम्पल तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये कॅटॅलिस्ट घालून ४०० डिग्रीच्या आसपास उकळायचं, सगळा सेंद्रिय भाग जळून नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट होतं, मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया उडवायचा, बोरिक ॲसिडमध्ये पकडायचा आणि टायट्रेशन करायचं. आलेला नायट्रोजन गुणिले ६.२५, कारण प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन धरलेला आहे. दुसरी पद्धत ड्यूमास, ती केल्डालच्याही आधीची, १८३१ ची, त्यात सॅम्पल ऑक्सिजनमध्ये जाळून निघणारा नायट्रोजन वायू मोजतात, काही मिनिटांत होतं आणि ॲसिडची झंझट नाही, मशीन महाग इतकंच.

आता गोम बघा. मशीनला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन आहे, ६.२५ ने गुणलं की २८७ टक्के 'प्रोटीन' येतं, म्हणजे १०० किलो खाद्यात १ किलो युरिया टाकला की रिपोर्टवर प्रोटीन जवळजवळ ३ ने वाढतं. मेलामाइनमध्ये तर ६६ टक्क्यांच्या वर नायट्रोजन, आणि २००८ मध्ये चीनमध्ये दुधात तेच मिसळून प्रोटीन वाढवून दाखवलं होतं, लहान बाळांच्या किडन्या गेल्या.

मग युरिया पकडायचा कसा? आणि युरिया वाईटच असतो का?

पकडणं सोपं आहे. डायमिथाइल अमिनो बेंझाल्डिहाइड नावाचं रसायन युरियाशी पिवळा-हिरवट रंग देतं, तो रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. किंवा खरं प्रोटीन वेगळं काढायचं, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडने प्रोटीन खाली बसवून फक्त त्याचा नायट्रोजन मोजायचा, आणि एकूणमधून वजा केलं की बाकीचा नायट्रोजन किती ते कळतं. रिपोर्टवर क्रूड प्रोटीन नेहमीपेक्षा बरंच जास्त दिसलं आणि खाद्यात तेवढी पेंड दिसत नाही, तर ही टेस्ट मागाच.

वाईटच असतो असं नाही. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या रुमेनमधले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव अमोनियापासून स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि पुढे तेच जनावराला मिळतं, पण त्यासाठी त्यांना त्याच वेळी स्टार्च-साखरेची एनर्जी लागते, आणि प्रमाण एकूण कोरड्या आहाराच्या १ टक्क्याच्या आत ठेवतात. लहान वासरांचं रुमेन तयार नसतं, त्यांना द्यायचाच नाही. माझा राग युरियावर नाही, न सांगता घातलेल्या युरियावर आहे. आणि हो, युरिया असलेल्या खाद्यात कच्चं सोयाबीन मिसळू नका, कच्च्या सोयात युरिएज एन्झाइम असतं, ते युरिया पटकन फोडून अमोनिया सोडतं.

प्रोटीन भरपूर दाखवतंय पण दुधात फरक नाही, असं का?

दोन-तीन कारणं असू शकतात आणि त्यातलं एक लॅब नक्की दाखवू शकते: जळालेलं प्रोटीन. पेंड करताना जास्त तापली, किंवा गंजीतला ओलसर चारा आतून तापून तपकिरी झाला, की प्रोटीन साखरेला असं चिकटून बसतं की जनावराला ते सुटत नाही. केल्डालला काही फरक पडत नाही, तो सगळा नायट्रोजन मोजून मोकळा. म्हणून ॲसिड डिटर्जंटमध्ये उकळून उरलेल्या चोथ्यातला नायट्रोजन वेगळा मोजतात, तो जेवढा जास्त तेवढं प्रोटीन वाया. काळपट तपकिरी, भाजल्यासारखा गोड वास येणारा चारा जनावरं आवडीने खातात, त्यामुळे आणखीच फसायला होतं.

दुसरं म्हणजे प्रोटीन रुमेनमध्ये किती विरघळतं आणि किती पुढे आतड्यात जातं. हे बघायला नायलॉन बॅग पद्धत आहे: पोटाला कायमची खिडकी म्हणजे कॅन्युला बसवलेल्या जनावराच्या रुमेनमध्ये साधारण ५० मायक्रॉन छिद्रांच्या पिशव्यांत खाद्य ठेवायचं आणि ठरावीक तासांनी एक-एक पिशवी काढून, धुवून, वाळवून किती उरलं ते बघायचं. ऑर्स्कोव्ह आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७९ मध्ये याचं गणित मांडलं, किती भाग लगेच विरघळतो, किती हळूहळू आणि कुठल्या वेगाने. रोजच्या टेस्टिंगला ही पद्धत परवडत नाही, पण खाद्याच्या टेबलांमध्ये बायपास प्रोटीनचे (रुमेनमध्ये न फुटता पुढे जाणाऱ्या प्रोटीनचे) जे आकडे असतात त्यातले बरेच असेच निघालेत.

क्रूड फायबर, एनडीएफ, एडीएफ... नक्की कुठला बघायचा?

एनडीएफ आणि एडीएफ. क्रूड फायबर हा जनावरांसाठी कामातून गेलेला आकडा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, लेबलवर अजून असतो म्हणून वाचायचा एवढंच. त्या पद्धतीत सॅम्पल आधी १.२५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये अर्धा तास आणि मग १.२५ टक्के सोड्यात अर्धा तास उकळतात आणि उरलं ते फायबर. पण या उकळण्यात हेमिसेल्युलोज (पेशीच्या भिंतीतला एक घटक) आणि लिग्निनचा चांगला मोठा भाग विरघळून निघून जातो आणि तो जाऊन बसतो त्या वजाबाकीच्या नायट्रोजन फ्री एक्स्ट्रॅक्टमध्ये, जो म्हणे सहज पचणारा भाग! लिग्निन, जे रुमेनमध्ये पचतच नाही, ते सहज पचणाऱ्यांच्या रांगेत.

हे पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत बदललं. न्यूट्रल डिटर्जंटमध्ये एक तास उकळलं की पेशीच्या आतलं सगळं निघून जातं आणि पेशीची भिंत उरते, म्हणजे हेमिसेल्युलोज, सेल्युलोज, लिग्निन. हा एनडीएफ. ॲसिड डिटर्जंटमध्ये उकळलं की हेमिसेल्युलोज पण जातं, उरतं सेल्युलोज आणि लिग्निन, हा एडीएफ. एनडीएफ वजा एडीएफ म्हणजे अंदाजे हेमिसेल्युलोज. पुढे एडीएफच्या चोथ्यावर ७२ टक्के सल्फ्युरिक ॲसिड घातलं की सेल्युलोज जातं आणि लिग्निन राहतं.

उपयोग असा की एनडीएफ सांगतो जनावर किती खाऊ शकेल, कारण पोट भिंतींनीच भरतं. एक ढोबळ नियम आहे, १२० ला एनडीएफने भागा, जनावराच्या वजनाच्या तेवढे टक्के कोरडा पदार्थ ते खाईल. ५०० किलोची गाय, चाऱ्याचा एनडीएफ ४० असेल तर ३ टक्के म्हणजे १५ किलो, आणि ६० असेल तर २ टक्के म्हणजे १० किलोवर थांबेल. पाच किलोचा फरक! एडीएफ आणि लिग्निन सांगतात की खाल्लेल्यातलं पचेल किती.

स्टार्च जास्त असलेल्या खाद्याला, म्हणजे मक्याचा भरडा, दाण्यासकट मुरघास, यांना टेस्ट करताना स्टार्च फोडणारं अमायलेज एन्झाइम घातलं होतं का ते लॅबला विचारा, नाहीतर स्टार्च चिकटून गाळणं बंद पडतं आणि एनडीएफ फुगतो. माती लागलेला चारा असेल तर राख वजा केलेला एनडीएफ मागा.

राख जास्त आली म्हणजे मिनरल जास्त ना, मग चांगलंच की?

गरज नाही. ५५० ते ६०० डिग्रीच्या भट्टीत जाळून उरतं ते राख, त्यात कॅल्शियम-फॉस्फरस पण आलं आणि वाळू-माती पण. ती राख हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळायची, मिनरल विरघळतात, वाळू आणि सिलिका तळाशी राहते. हा ॲसिड इन्सोल्युबल ॲश चा आकडा भेसळ ओळखायला फार कामाचा आणि टेस्ट पण स्वस्त. भाताच्या पेंढ्यात मात्र मुळातच सिलिका भरपूर असते, तिथे लगेच भेसळ म्हणू नका. कॅल्शियम, तांबं, जस्त वगैरे हवं असेल तर त्या राखेच्या द्रावणावर ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आयसीपी मशीन लावतात, फॉस्फरस रंगाच्या पद्धतीने होतो.

फॅटची टेस्ट?

सॉक्सलेट उपकरणात इथर परत परत फिरवून जे निघतं ते. चाऱ्याच्या बाबतीत त्यात मेण आणि हिरवा रंग पण येतो म्हणून आकडा थोडा फुगलेला असतो. बायपास फॅट (रुमेनमधून तसंच पुढे जाणारं फॅट) म्हणजे कॅल्शियम साबण मात्र साध्या इथरमध्ये नीट निघत नाही, आधी ॲसिडमध्ये उकळून साबण फोडावा लागतो. सप्लायर ८४ टक्के म्हणतो आणि लॅब फारच कमी सांगते असं झालं तर भांडायच्या आधी पद्धत विचारा.

एनर्जी थेट मोजता येते का?

बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये सॅम्पल जाळून उष्णता मोजता येते, पण त्याने जनावराला काय मिळेल हे कळत नाही. गव्हाचा भुसा आणि मका दोघांचीही जाळून एनर्जी किलो कोरड्या पदार्थाला साधारण १८ मेगाज्यूल येते, जवळपास सारखीच. आग सगळंच जाळते, रुमेन सगळं पचवत नाही. म्हणूनच रिपोर्टवरचा टीडीएन (एकूण पचणारे पोषक घटक) किंवा मेटाबोलायझेबल एनर्जीचा (जनावराला खरंच वापरता येणाऱ्या एनर्जीचा) आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, एडीएफ, प्रोटीन, फॅट हे समीकरणात घालून काढलेला असतो, आणि दोन लॅबांची समीकरणं वेगळी असली की एकाच सॅम्पलचे दोन टीडीएन येतात.

पचनाच्या जवळ जायचं तर रुमेनचं पाणीच लॅबमध्ये आणावं लागतं. टिली आणि टेरी यांची १९६३ ची पद्धत आहे, ४८ तास रुमेन द्रव आणि बफरमध्ये हवाबंद, मग ४८ तास पेप्सिन आणि ॲसिडमध्ये, उरलं ते न पचलेलं. जर्मनीत होहेनहाइम इथे मेंके आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वेगळा रस्ता काढला, काचेच्या १०० मिलीच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम खाद्य आणि रुमेन द्रव घालून ३९ डिग्रीला २४ तास ठेवायचं आणि दट्ट्या किती वर सरकला ते बघायचं. जेवढं आंबतं तेवढा गॅस. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण इतर टेस्टमध्ये न दिसणारी गोष्ट इथे डोळ्यांसमोर दिसते: झाडपाल्यात टॅनिन (पचन अडवणारं तुरट द्रव्य) असेल तर प्रोटीन कागदावर छान असूनही गॅस कमी येतो.

एनआयआर मशीन मिनिटभरात सगळं सांगतं, मग ॲसिड-भट्टी कशाला?

एनआयआर स्वतः काहीच मोजत नाही, ते ओळखतं. जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशात प्रत्येक पदार्थाची छटा वेगळी उमटते आणि मशीन ती आधी केमिकल पद्धतीने तपासलेल्या शेकडो सॅम्पलशी जुळवून आकडा सांगतं. अमेरिकेत कार्ल नॉरिस यांनी याचा पाया घातला आणि १९७६ मध्ये चाऱ्यावर ते करून दाखवलं. ज्या पिकावर, ज्या प्रकारच्या चाऱ्यावर कॅलिब्रेशन केलंय त्याच्यासाठी उत्तम, प्रोटीन आणि ओलाव्याला तर फारच चांगलं. पण कॅलिब्रेशनमध्ये नसलेलं नवीनच खाद्य ठेवलं तरी ते आकडा देतंच, म्हणून सॅम्पल कॅलिब्रेशनच्या बाहेरचं आहे का हे बघणारा माणूस तिथे पाहिजे. मिनरलसाठी यावर विसंबू नका, आणि अफ्लाटॉक्सिनसारख्या पीपीबीतल्या (अब्जात एक भाग अशा मापातल्या) गोष्टींसाठी तर नाहीच.

अफ्लाटॉक्सिनची टेस्ट एकदा ओके आली, दुसऱ्यांदा फेल, लॅब चुकली का?

बहुतेक वेळा लॅब चुकत नाही, सॅम्पल वेगळं असतं. १ पीपीबी म्हणजे एक टन खाद्यात १ मिलिग्रॅम. आणि हे विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत खूप असतं आणि बाकीचे स्वच्छ, त्यामुळे ते दाणे पिशवीत आले का नाही यावर रिझल्ट फिरतो. इथे अर्धा किलो पुरत नाही, जास्त ठिकाणांहून काही किलो घेऊन सगळं दळायचं, मग त्यातलं मोजायचं. स्ट्रिप आणि एलायझा या झटपट टेस्ट पहिल्या चाळणीसाठी, वादाचा किंवा सीमेवरचा आकडा असेल तर एचपीएलसी हे जास्त अचूक मशीन. दुभत्या जनावरांच्या खाद्याला युरोपात बी१ ची (अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार) मर्यादा ५ पीपीबी आहे आणि अमेरिकेत अफ्लाटॉक्सिनसाठी २०, एवढी काळजी घेण्याचं कारण असं की खाल्लेल्या बी१ चा काही भाग एम१ होऊन एका दिवसात दुधात उतरतो, आणि ते दूध लहान मुलं पितात. दूषित खाद्य बंद केलं की काही दिवसांत दूध परत साफ होतं.

मुरघासाला वेगळं काय तपासायचं?

पीएच, लॅक्टिक आणि ॲसेटिक ॲसिड, अमोनिया नायट्रोजन. मक्याच्या चांगल्या मुरघासाचा पीएच ४ च्या आसपास असतो. अमोनिया नायट्रोजन एकूण नायट्रोजनच्या १० टक्क्यांच्या वर गेला तर प्रोटीन सडलंय समजा. बिघडलेल्या मुरघासातल्या ब्युटिरिक ॲसिडला लॅब लागत नाही, वास हातावरून दिवसभर जात नाही.

दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत, कुणावर विश्वास ठेवायचा?

आधी बघा दोन्ही ड्राय मॅटरवर आहेत का, मग पद्धत तीच आहे का, मग सॅम्पल एकाच कालवलेल्या ढिगातून गेलं होतं का. हे तिन्ही सारखं असूनही प्रोटीनमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर तो फरकच नाही, फायबरमध्ये एक-दोन टक्के पण चालतात. त्यापुढे गेलं तर लॅबला विचारा की प्रत्येक सॅम्पल दोनदा करता का, प्रत्येक बॅचमध्ये माहितीतलं कंट्रोल सॅम्पल लावता का, आणि आयएसओ १७०२५ ची (लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मान्यता नेमकी कुठल्या टेस्टला आहे, कारण मान्यता टेस्टनुसार असते, सगळ्या लॅबला सरसकट नसते. विचारल्यावर वही उघडून दाखवणारी लॅब धरून ठेवा.

बजेट कमी आहे, कुठल्या टेस्ट आधी करू?

चाऱ्याला ड्राय मॅटर, प्रोटीन, एनडीएफ, एडीएफ. पेंडीला ओलावा, प्रोटीन, न विरघळणारी राख, आणि अफ्लाटॉक्सिन. तयार खाद्याला हेच आणि शंका असेल तर युरिया. मिनरल वर्षातून एखाद्या वेळी पुरे, पण चारा बदलला, नवी कापणी आली, नवा मुरघास उघडला की प्रोटीन-फायबर परत करायचं, जुन्या रिपोर्टवर नवीन चारा खिलवायचा नाही. आणि पाठवलेल्या सॅम्पलचा दुसरा अर्धा भाग लेबल लावून, हवाबंद करून, थंड जागी रिपोर्ट येईपर्यंत तरी ठेवा, आकडा पटला नाही तर तोच परत पाठवता येतो.